छान हवेच्या गावी माणसे अधिक सुखी असतात का?

एखाद्या गावाची स्तुती करताना 'तिथली हवा फार छान आहे' असे आपण इतक्या सहज बोलून जातो की या एका वाक्यात दोन वेगळी विधाने मिसळली आहेत, हे लक्षातही येत नाही. तिथले ऊन सोसवते, उकाडा नसतो, हुडहुडी भरत नाही, हे पहिले विधान. आणि म्हणून तिथे राहणे अधिक सुखाचे आहे, हे दुसरे. पहिले विधान तापमापक हाती घेऊन तपासता येते. दुसरे तपासायचे तर मानसशास्त्र, वैद्यक आणि अर्थशास्त्र या तिघांची दारे ठोठवावी लागतात, आणि तिथून मिळणारी उत्तरे पहिल्या विधानाइतकी सरळ नाहीत.

मुळात छान हवा म्हणजे काय? प्रिन्स्टन येथील तीन संशोधकांनी २०१७ साली 'सौम्य दिवसा'ची एक साधी व्याख्या करून जगभरच्या नोंदी तिला लावून पाहिल्या. दिवसाचे कमाल तापमान १८ ते ३० अंश सेल्सिअस असावे, पाऊस एक मिलिमीटरपेक्षा कमी पडलेला असावा आणि दवबिंदू २० अंशांच्या वर गेलेला नसावा, एवढ्याच तीन अटी. यातली दवबिंदूची अट वाचताना किरकोळ वाटते, पण अंगाला सर्वांत जास्त जाणवणारी तीच आहे. हवेत बाष्प किती आहे हे दवबिंदूवरून कळते. बाष्प फार झाले की अंगावरचा घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर तो शरीराला गारवाही देऊ शकत नाही. म्हणूनच २८ अंशांची कोरडी दुपार सुखाची वाटते आणि तेवढ्याच तापमानाची दमट दुपार जीव नकोसा करते. या तीन अटी लावल्या तेव्हा पृथ्वीवरच्या एखाद्या ठिकाणाच्या वाट्याला वर्षाकाठी सरासरी ७४ सौम्य दिवस येतात, असे दिसले. म्हणजे वर्षाचा जेमतेम पाचवा भाग.

काही ठिकाणांच्या वाट्याला मात्र असे दिवस भरभरून येतात, आणि त्यामागे बहुतेक वेळा दोनपैकी एक कारण असते. कॅलिफोर्निया, मध्य चिली, दक्षिण आफ्रिकेतील केप प्रांत या प्रदेशांच्या पश्चिमेला थंड पाण्याचे सागरी प्रवाह वाहतात आणि उन्हाळ्यात त्यांच्यावर जास्त दाबाचा हवेचा पट्टा येऊन बसतो. प्रवाहामुळे किनारा तापत नाही आणि जास्त दाबामुळे ढग जमत नाहीत. दुसरे कारण उंचीचे. विषुववृत्ताजवळ वर्षभराच्या तापमानात फारसा चढउतार नसतो, आणि समुद्रसपाटीपासून दर एक हजार मीटर वर गेले की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. त्यामुळे कोलंबियातील मेडेलिन हे सुमारे दीड हजार मीटर उंचीवरचे शहर 'चिरवसंताचे शहर' म्हणून मिरवते. या शहराकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

आता दुसऱ्या विधानाकडे वळू. डेव्हिड श्केड आणि डॅनियल कानेमान या दोन संशोधकांनी १९९८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. (कानेमान यांना पुढे २००२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.) कॅलिफोर्नियातील आणि अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील विद्यापीठांत शिकणाऱ्या सुमारे दोन हजार विद्यार्थ्यांना त्यांनी गाठले. मध्यपश्चिमेत हिवाळा बर्फाचा आणि बोचऱ्या वाऱ्याचा, तर दक्षिण कॅलिफोर्नियात तो जवळजवळ नसल्यासारखाच. काही विद्यार्थ्यांना 'तुम्ही आयुष्यात किती समाधानी आहात' असे विचारले, तर इतरांना 'तुमच्यासारखाच एखादा विद्यार्थी दुसऱ्या भागात राहत असेल, तर तो किती समाधानी असेल' असा अंदाज करायला सांगितले. स्वतःबद्दल सांगताना दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांचे समाधान सारखेच भरले. दुसऱ्याबद्दल अंदाज करताना मात्र दोन्हीकडच्यांनी कॅलिफोर्नियातला विद्यार्थी अधिक सुखी असेल असे ठरवून टाकले, आणि या फरकाचे मुख्य कारण त्यांच्या मते हवामान हेच होते. हवामानाबद्दल खुद्द कॅलिफोर्नियाचे विद्यार्थी अधिक समाधानी होतेच. ते समाधान एकंदर आयुष्याच्या समाधानापर्यंत पोहोचत मात्र नव्हते.

असे का होते, हे समजून घेण्याजोगे आहे. दुसऱ्या गावची कल्पना करताना आपले लक्ष त्या गावात आणि आपल्या गावात ठळकपणे वेगळे काय आहे यावर खिळते, आणि ज्यावर लक्ष खिळते ते प्रत्यक्षापेक्षा मोठे दिसू लागते. तिथल्या समुद्रावरचे कोवळे ऊन डोळ्यांसमोर येते. पण तिथेही सकाळी कामावर वेळेत पोहोचायचे असते, आई आजारी पडते, वरिष्ठांचे आणि आपले पटत नाही, रात्री झोप लागत नाही, हे त्या चित्रात येत नाही, कारण या गोष्टी दोन्ही गावांत सारख्याच आहेत. प्रत्यक्ष राहायला गेल्यावर दिवसाचे बरेचसे तास याच सारख्या गोष्टींत जातात, आणि खिडकीबाहेरचे ऊन काही महिन्यांत भिंतीच्या रंगासारखे होऊन जाते: असते, पण दिसत नाही.

हवेचा मनावर परिणाम होतो ही समजूत इतकी घट्ट आहे की अभ्यासकही तिच्या मोहात पडले. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या प्रयोगात लोकांना उन्हाच्या आणि पावसाळी दिवशी दूरध्वनी करून आयुष्याबद्दल विचारले गेले. ऊन पडलेल्या दिवशी लोक स्वतःला अधिक समाधानी म्हणत. पण प्रश्न विचारणाऱ्याने आधी सहज म्हणून 'तिकडे हवा कशी आहे' असे विचारले, तर पावसाळी दिवसाचा तो परिणाम नाहीसा होई, कारण आपले मन मळभामुळे उदास आहे हे ऐकणाऱ्याच्या ध्यानात येई. प्रयोग मोठा सुरेख होता, आणि पाठ्यपुस्तकांत तो वर्षानुवर्षे शिकवला गेला. त्यातल्या मुलाखती मात्र थोड्या होत्या. २०१३ मध्ये रिचर्ड लुकास आणि निकोल लॉलेस यांनी अमेरिकेच्या सर्व ५० राज्यांतील दहा लाखांहून अधिक लोकांची पाच वर्षांतली उत्तरे त्या त्या दिवसाच्या हवामानाशी ताडून पाहिली, तेव्हा ऊन-पावसाचा आणि आयुष्याबद्दलच्या समाधानाचा भरवसा ठेवावा असा संबंध सापडला नाही. एखादी गोष्ट ऐकताक्षणी पटली म्हणजे ती खरी असतेच असे नाही, याची ही एक चांगली आठवण आहे.

तरीही 'हवेने काही फरक पडत नाही' असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे ठरेल. आपल्या शरीराचे घड्याळ उजेडावर चालते, आणि घराच्या आतला व बाहेरचा उजेड यांत केवढे अंतर आहे याची डोळ्यांना कल्पना येत नाही, कारण ते दोन्हींशी झटकन जुळवून घेतात. उजेड मोजण्याचे एकक लक्स. नीट दिवे लावलेल्या कार्यालयात तो तीनशे ते पाचशे लक्स भरतो. आभाळ भरून आलेले असतानाही बाहेर काही हजार लक्स असतो. लख्ख उन्हात एक लाखाच्या घरात जातो. १९८४ साली नॉर्मन रोझेनथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिवाळ्यातले दिवस आखूड होऊ लागले की दरवर्षी येणारे आणि वसंतात ओसरणारे एक नैराश्य नोंदवले. त्यावर सकाळी अर्धा तास दहा हजार लक्सच्या दिव्यासमोर बसण्याचा उपचार आजही केला जातो. ज्यांना हा विकार आहे त्यांच्यासाठी उन्हाचा प्रदेश हा निव्वळ आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही.

पण उजेड असणे आणि तो आपल्यापर्यंत पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅथ्यू केलर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात वसंतातल्या छान हवेने मन उल्हसित होते असे दिसले, मात्र ते बाहेर पुरेसा वेळ घालवणाऱ्यांच्या बाबतीत. आत बसून राहिलेल्यांना त्या हवेचा उपयोग नव्हता. याहून बोलका दाखला मुलांच्या डोळ्यांचा आहे. सिडनी आणि सिंगापूर येथील चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांची तुलना २००८ साली प्रसिद्ध झाली. दोन्हीकडच्या आईवडिलांत दूरचे धूसर दिसण्याच्या दोषाचे प्रमाण जवळपास सारखे होते. मुलांमध्ये मात्र तो सिडनीत ३.३ टक्के आणि सिंगापुरात २९.१ टक्के आढळला. सिंगापूर विषुववृत्तापाशी आहे, तिथे उजेडाला काय तोटा? पण सिडनीची मुले आठवड्याला पावणेचौदा तास घराबाहेर असत आणि सिंगापूरची मुले तीन तास. अभ्यासाचा भार वगैरे इतर कारणेही असणार. तरीही बाहेरच्या उजेडात मुलांचे डोळे अधिक सुरक्षित राहतात, याला नंतरच्या अभ्यासांतूनही दुजोरा मिळाला आहे. सकाळी सहा ते रात्री आठ ज्याचा वेळ प्रवासात आणि चार भिंतींत जातो, त्याच्या गावी वर्षाला तीनशे दिवस ऊन पडले काय आणि शंभर दिवस पडले काय, त्याच्या वाट्याला येते ती रविवारची दुपारच.

घराच्या भिंतींचा विषय निघालाच आहे, तर या साऱ्या प्रश्नातली मला सर्वांत चकित करणारी गोष्ट सांगतो. थंडीने माणसे जास्त कुठे दगावतात, असे कुणी विचारले तर आपण अर्थातच थंड देशांकडे बोट दाखवू. १९९७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात युरोपातील निरनिराळ्या प्रदेशांची तुलना आली. तापमान १८ अंशांच्या खाली गेल्यावर पुढच्या प्रत्येक अंशामागे मृत्यूंचे प्रमाण दक्षिण फिनलंडमध्ये ०.२७ टक्क्यांनी वाढत होते, तर उन्हाने न्हालेल्या अथेन्समध्ये २.१५ टक्क्यांनी. बाहेर सात अंश तापमान असताना लोक कसे राहतात हेही संशोधकांनी तपासले होते. अथेन्समधील दिवाणखाना तेव्हा सरासरी १९.२ अंशांवर होता आणि दक्षिण फिनलंडमधला २१.७ अंशांवर, बाहेर पडताना डोक्यावर टोपी घालणारे फिनलंडमध्ये ७२ टक्के होते आणि अथेन्समध्ये १३ टक्के. पुढे २००३ मध्ये युरोपातील १४ देशांची तुलना झाली, तीतही हिवाळ्यात होणाऱ्या जादा मृत्यूंत सौम्य हवेचा पोर्तुगाल २८ टक्क्यांसह सर्वांत वर होता, आणि फिनलंड १० टक्क्यांवर.

याचा अर्थ असा, की जिथे थंडी कडक असते तिथे ती गृहीत धरून घर बांधले जाते: जाड भिंती, खिडक्यांना दुहेरी काचा, फटी बुजवलेल्या, घर उबदार ठेवण्याची व्यवस्था बांधकामातच अंतर्भूत. जिथे थंडी वर्षातून सहा आठवड्यांचीच असते तिथे 'तेवढ्यासाठी कशाला' म्हणून हा सगळा खर्च वाचवला जातो आणि मग ते सहा आठवडे घरातला म्हातारा माणूस अंगाभोवती शाल गुंडाळून काढतो. सौम्य हवेने दिलेली सवलत अशी घराच्या बांधकामात खर्ची पडते. उष्णतेचेही तसेच. २००३ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये उष्णतेच्या लाटेने सुमारे पंधरा हजार जास्तीचे मृत्यू झाले, ते तापमान जगाच्या पाठीवर कुठेच ऐकिवात नव्हते असे नाही. ते त्या घरांना आणि त्या शरीरांना अनोळखी होते.

मराठीत 'हवा मानवणे' असा एक नेमका शब्दप्रयोग आहे, आणि वैद्यकाची आकडेवारी त्याला पुष्टी देते. १३ देशांतील ३८४ ठिकाणांच्या सात कोटी चाळीस लाख मृत्यूंचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. कोणत्या तापमानाला सर्वांत कमी माणसे दगावतात, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे निघाले: उष्ण प्रदेशात ते वर होते, थंड प्रदेशात खाली. सगळ्यांना सारखेच मानवेल असे एकच आदर्श तापमान नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयी, कपडे आणि घरे मिळून तिथल्या लोकांचे तापमान ठरते. त्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट विसरू नये अशी आहे. थंडीमुळे झालेल्या मृत्यूंपैकी बहुतेक कडाक्याच्या थंडीत झाले नव्हते. ते साध्या, कुणाला विशेष न वाटणाऱ्या गारठ्यात झाले होते.

आता पैशाकडे येऊ, कारण छान हवा फुकट मिळते हा समज टिकण्यासारखा नाही. १९८२ साली जेनिफर रोबॅक या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी एक विचार काटेकोरपणे मांडला. समजा, दोन शहरांत नोकऱ्या सारख्या, पगार सारखे, भाडी सारखी, पण एकाची हवा उत्तम आणि दुसऱ्याची त्रासदायक. लोक अर्थातच पहिल्या शहराकडे निघतील. माणसे वाढली की तिथली भाडी चढतील, आणि कामाला हात भरपूर मिळू लागल्याने पगार वाढायचे थांबतील किंवा उतरतील. हा ओघ कधी थांबेल? चढलेले भाडे आणि उतरलेला पगार यांनी छान हवेचा फायदा पुरता खाऊन टाकला, की दोन्ही शहरे सरासरी माणसाला सारखीच वाटू लागतील आणि तिथे तो थांबेल. म्हणजे शहराच्या हवेची किंमत हवामानखात्याच्या नोंदींत दिसत नसली, तरी घरभाड्याच्या पावतीत ती वसूल झालेली असते.

हे प्रतिमान आहे, आणि खऱ्या आयुष्यात माणसे इतक्या सहज गाव बदलत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. तरी त्यातून निघणारे दोन निष्कर्ष मला फार मोलाचे वाटतात. एक, छान हवेचा सर्वांत मोठा लाभ तिथे राहायला जाणाऱ्याला होत नाही. गर्दी होण्यापूर्वी तिथे ज्याची जमीन होती त्याला होतो. दोन, नव्याने जाणाऱ्यांपैकी फायद्यात राहतो तो ज्याला हवेचे अप्रूप सरासरी माणसापेक्षा जास्त आहे. ज्याला पहाटे तासभर धावायचे असते, ज्याचे सांधे गारठ्यात धरतात, ज्याला बागेशिवाय करमत नाही, त्याला जादा भाड्याचा मोबदला पुरेपूर मिळतो. उरलेले लोक दुसऱ्यांच्या आवडीची किंमत दर महिन्याला भरत राहतात.

सूर्यप्रकाश स्वतःही काही बिले पाठवतो. लॉस एंजेलिसमध्ये १९४० च्या दशकात डोळे चुरचुरवणारे धुरके पसरू लागले, तेव्हा ते कारखान्यांच्या धुराचे असावे असे वाटले. १९५० च्या सुमारास आरी हागेन-स्मित या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की मोटारींतून आणि तेलशुद्धीकरणातून सुटणाऱ्या वायूंवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन तयार होतो. भोवतालचे डोंगर आणि वरचा उबदार हवेचा थर त्याला हलू देत नाहीत. ज्या निरभ्र, वारा पडलेल्या दिवसांसाठी लोक तिथे येत होते, तेच दिवस धुरक्याला सर्वांत पोषक होते. कोरड्या उन्हाळ्याची दुसरी बाजू आगीची: कॅलिफोर्नियात २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये, पावसाने ओढ दिलेली असताना लागलेल्या वणव्याने एक अख्खे गाव जाळले आणि ८५ माणसे गेली. त्या गावाचे नाव पॅराडाइज, म्हणजे स्वर्ग. त्याच वर्षी केपटाऊनमध्ये माणशी दिवसाला ५० लिटर पाण्याची मर्यादा घालावी लागली होती.

आणि मेडेलिन. १९९१ साली या चिरवसंताच्या शहरात एक लाख लोकसंख्येमागे खुनांचे प्रमाण ३८० च्या आसपास पोहोचले होते, आणि ते जगातल्या सर्वांत धोकादायक शहरांपैकी एक गणले जाई. पुढच्या तीन दशकांत हे प्रमाण वीसच्याही खाली उतरले. या काळात अमली पदार्थांच्या टोळ्या मोडल्या, डोंगरउतारावरच्या वस्त्या २००४ पासून हवाई पाळण्यांनी मेट्रोला जोडल्या गेल्या, वाचनालये उभी राहिली. हवा तीच होती, दोन्ही वेळा. दुसऱ्या टोकाला फिनलंड आहे. हेलसिंकीत डिसेंबरच्या अखेरीस दिवस सहा तासांपेक्षाही कमी असतो, आणि तरी जागतिक आनंद अहवालात हा देश २०१८ पासून २०२५ पर्यंत दरवर्षी पहिला आला. त्या अहवालात लोक स्वतःच्या आयुष्याला शून्य ते दहा असे गुण देतात; चेहऱ्यावरचे हसू त्यात मोजलेले नाही, हे लक्षात ठेवले तर या आकड्याचा उगाच बाऊही होणार नाही.

कुणी निव्वळ हवेसाठी गाव बदलायचे मनात आणले असेल, तर त्याने वार्षिक सरासरी तापमान पाहत बसू नये; सरासरी ही फसवी असते, कारण दहा आणि चाळीस यांचीही सरासरी पंचवीस येते. आपल्याला मोकळा वेळ असतो त्या तासांना बाहेर कसे असते, दमटपणा किती असतो, वर्षातल्या सर्वांत वाईट महिन्यात भाड्याच्या त्या घरात आत किती तापमान असते, आणि चढ्या भाड्यापायी कामाचे ठिकाण किती दूर पडते, हे चार प्रश्न अधिक उपयोगाचे आहेत. चौथा प्रश्न तर बहुतेक जण विचारतच नाहीत, आणि मग छान हवेतला तास-दीड तास रोज बंद गाडीत जातो.

शिवाय ज्या हवेसाठी जायचे ती तिथेच राहील असेही नाही. सुरुवातीला सांगितलेल्या २०१७ च्या अभ्यासातील अंदाज असा आहे, की हरितगृह वायूंचे प्रमाण वाढतच राहिले तर या शतकाच्या अखेरीस सौम्य दिवसांची जागतिक सरासरी ७४ वरून ६४ वर येईल. घट सर्वत्र सारखी नाही. उष्ण कटिबंधाचे सर्वाधिक नुकसान होईल. उत्तर युरोपसारख्या प्रदेशांत उलट सौम्य दिवस वाढतील. मधल्या अक्षांशांवर बऱ्याच ठिकाणी वसंतात आणि शरदात असे दिवस वाढतील आणि ऐन उन्हाळ्यातले घटतील. तेव्हा तिकडे एप्रिलमध्ये घर पाहायला जाणाऱ्याला ते आजच्यापेक्षाही अधिक आवडेल. जुलैतली दुपार मात्र त्याला घरमालक दाखवणार नाही.